क्लाउड सबस्क्रिप्शनचे मालक किती आणि कोण?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकीय सुरक्षेविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, त्यात पासवर्ड, ओटीपी आणि फसव्या लिंक यांना बरीच जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. परंतु ज्या संस्थांनी आपले सर्व्हर, डेटाबेस आणि फाइली क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, नेल्या आहेत, त्यांच्यासमोर आणखी एक प्रश्न तितक्याच निकडीचा आहे आणि त्याविषयीचे मराठी लेखन माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. संस्थेच्या क्लाउड सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ज्या खात्याखाली तिचे हे सगळे चालते आणि ज्याचे बिल येते त्यात, कोणाला कोणता अधिकार आहे, तो त्याला कोणी दिला आणि तो पुढे आणखी कोणाला देऊ शकतो, हा तो प्रश्न. गेली अनेक वर्षे मी क्लाउड व्यवस्थापनाचे काम करते. या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे अधिकार वाटण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा भाग, सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी विचारला जातो, असे मला सतत दिसत आले आहे, म्हणून हे पत्र.

घोटाळ्याची सुरुवात ‘ॲडमिन’ या एका शब्दापासून होते. ‘मला ॲडमिन ॲक्सेस देऊन टाका, बाकीचे मी बघतो’ हे वाक्य या क्षेत्रात रोज उच्चारले जाते. बोलणाऱ्याला एखादा सर्व्हर बंद-चालू करायचा असतो, एखाद्या डेटाबेसची सेटिंग बदलायची असते किंवा नुसता खर्चाचा तक्ता पाहायचा असतो. ही तीन कामे तीन वेगळ्या अधिकारांची आहेत, तरी मागणी मात्र एकच असते. ऐकणाराही घाईत असतो आणि यादीतला सर्वांत वरचा पर्याय निवडून मोकळा होतो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या सेवेचे उदाहरण घेते, कारण तिच्यातील रचना बरीच स्पष्ट आहे. तेथे प्रत्येक अधिकारदान तीन गोष्टींनी बनते. अधिकार कोणाला द्यायचा, म्हणजे व्यक्ती, गट किंवा एखादे ॲप्लिकेशन, ही पहिली. त्याला काय करता येईल, म्हणजे रोल किंवा भूमिका, ही दुसरी. आणि तो कोठपर्यंत चालेल, म्हणजे त्याची व्याप्ती, ही तिसरी. व्याप्तीच्या चार पायऱ्या आहेत: सर्वांत वर मॅनेजमेंट ग्रुप (अनेक सबस्क्रिप्शनचा गट), त्याखाली सबस्क्रिप्शन, त्याखाली रिसोर्स ग्रुप (संसाधनांचा गट) आणि तळाशी एखादे एकटे रिसोर्स, म्हणजे एखादा सर्व्हर किंवा डेटाबेस यासारखे संसाधन. वरच्या पायरीवर दिलेला अधिकार खालच्या सर्व पायऱ्यांवर आपोआप उतरतो. त्यामुळे एका रिसोर्स ग्रुपपुरते काम असणाऱ्या माणसाला सबस्क्रिप्शनच्या पायरीवर रोल दिला, तर ज्या गोष्टींचे त्याला नावही माहीत नाही त्यांवरही त्याचा हात पोहोचतो, आणि पुढच्या वर्षी त्याच सबस्क्रिप्शनमध्ये जे नवे काही तयार होईल त्यावरही.

भूमिकांमध्ये ओनर, कॉन्ट्रिब्युटर, रीडर आणि युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर या चार मूलभूत मानता येतील. रीडरला पाहता येते, बदलता येत नाही. कॉन्ट्रिब्युटरला जवळजवळ सगळे तयार करता, बदलता आणि पुसता येते, परंतु दुसऱ्या कोणाला रोल देता येत नाही. युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटरचे काम बरोबर उलटे आहे. तो संसाधनांची देखभाल करत नाही, अधिकार वाटतो. आणि ओनरकडे हे दोन्ही आहे. कायद्याच्या भाषेत सांगायचे, तर कॉन्ट्रिब्युटर हे खास कामापुरते मुखत्यारपत्र म्हणता येईल आणि ओनर हे कुलमुखत्यारपत्र, तेही असे की ज्याच्या बळावर मुखत्याराला आपल्यासारखे आणखी कितीही मुखत्यार नेमता येतात. शिवाय अधिकार वाटणारा माणूस स्वतःलाही अधिकार देऊ शकतो, त्यामुळे नुसत्या युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटरलाही कमी लेखण्यात अर्थ नाही.

हा भेद पुस्तकी नाही. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सांभाळण्याची सेवा देत असे. जून २०१४ मध्ये एका हल्लेखोराने ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेवरील तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरकाव केला आणि पैशांची मागणी केली. कंपनीने पासवर्ड बदलून ताबा परत घेण्याचा प्रयत्न केला, परंतु हल्लेखोराने तोपर्यंत त्याच पॅनेलमध्ये स्वतःसाठी आणखी काही लॉगिन तयार करून ठेवली होती. कंपनी आपल्याला बाहेर काढत आहे हे लक्षात येताच त्याने त्या लॉगिनमधून दिसेल ते पुसायला सुरुवात केली. डेटा, बॅकअप आणि मशीनच्या रचना यांपैकी बहुतेक सगळे, काही अंशतः तर काही पूर्णतः, नष्ट झाले, आणि त्या कंपनीला आपली सेवा बंद करावी लागली. पासवर्ड बदलूनही उपयोग का झाला नाही, याचे उत्तर अधिकार वाटण्याच्या अधिकारात आहे. ज्याच्या हाती तो आला, त्याला एका दाराने बाहेर काढले तरी त्याने स्वतःसाठी किती दारे करून ठेवली आहेत हे मोजेपर्यंत वेळ निघून जाते.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूकही येथे नोंदवते. एका संस्थेचे काम पाहत असताना, बाहेरून आलेल्या एका तंत्रज्ञाला नेटवर्क जोडणीचे काम करायचे होते आणि त्याला वारंवार परवानगी नसल्याचा संदेश येत होता. संध्याकाळ झाली होती, काम त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवे होते, आणि मी त्याला संपूर्ण सबस्क्रिप्शनवर ओनर केले. ‘उद्या काढून टाकू’ असे मनाशी ठरवले होते. तो अधिकार चौदा महिन्यांनी, एका वेगळ्याच कारणासाठी यादी उघडली तेव्हा, मला तेथे तसाच दिसला. त्या तंत्रज्ञाने काहीही गैर केले नव्हते, तो कधीच दुसऱ्या कामाला लागला होता, परंतु त्याचे खाते जिवंत होते आणि ते खाते कोणाच्या हाती पडले असते तर आमच्याजवळ सांगायला काहीही नव्हते. त्या दिवशी यादी वाचताना मला जी भीती वाटली, ती मी आजही विसरलेले नाही.

आणि वाईट याचे वाटते की त्या संध्याकाळी योग्य उत्तर माझ्या डोळ्यांसमोरच होते. परवानगी नाकारल्याचा जो संदेश येतो, त्यात कोणती क्रिया नाकारली गेली आणि ती कोणत्या व्याप्तीवर नाकारली गेली, हे दोन्ही लिहिलेले असते. त्या क्रियेचे नाव घेऊन तयार भूमिकांच्या यादीत शोधले, तर नेटवर्क कॉन्ट्रिब्युटर ही भूमिका पाच मिनिटांत सापडली असती आणि ती एका रिसोर्स ग्रुपवर दिली असती तर काम झाले असते. तयार भूमिकांत नेमकी हवी ती न मिळाल्यास स्वतःची भूमिका बनवण्याचीही सोय आहे. घाईत आपण संदेश वाचत नाही, तो नाहीसा कसा होईल एवढेच पाहतो.

ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार, हे तत्त्व नवे नाही. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी जी तत्त्वे मांडली, त्यांत ते स्पष्टपणे आलेले आहे. भूमिकांच्या आधारे अधिकार देण्याची पद्धत डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये औपचारिक रूपात मांडली. म्हणजे तत्त्व माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांच्या वयापेक्षा जुने आहे. अडचण ज्ञानाची नसून सवयीची आहे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र अनुभवी लोकांनाही चकवते आणि तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. संसाधनाची व्यवस्था पाहणे आणि त्याच्या आतील माहिती वाचणे, हे दोन अधिकार ॲझ्युअरमध्ये वेगळे ठेवलेले आहेत. फाइली साठवण्याच्या स्टोरेज अकाउंटचे उदाहरण घेतले, तर केवळ ओनर असल्यामुळे माणसाला आपल्या लॉगिनच्या आधारे आतील फाइली वाचता येतातच असे नाही. त्यासाठी स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर यासारखी स्वतंत्र भूमिका लागते. हे ऐकून अनेक संस्थाचालक निश्चिंत होतात. पण त्याच स्टोरेज अकाउंटला दोन गुप्त कळा (कीज), म्हणजे लांबलचक पासवर्डसारख्या अक्षरओळी, असतात, आणि ज्याच्याजवळ कळ आहे त्याला, तो कोण आहे हे न विचारता, सगळा डेटा उघडा होतो. कॉन्ट्रिब्युटर या कळा पाहू शकतो. म्हणजे ‘याला फक्त देखभालीचा अधिकार दिला आहे, माहिती त्याला दिसत नाही’ असे समजून ज्याला कॉन्ट्रिब्युटर केले, त्याला प्रत्यक्षात दोन पावलांत सर्व माहिती दिसू शकते. यावर उपाय आहे: कळांच्या आधारे प्रवेश देणे त्या अकाउंटपुरते बंद करता येते. पासवर्ड आणि डिजिटल प्रमाणपत्रे ठेवण्याच्या की व्हॉल्टची गोष्टही अशीच आहे. ते जुन्या ॲक्सेस पॉलिसीच्या पद्धतीवर, म्हणजे आतले कोणी वाचावे याची यादी त्या व्हॉल्टमध्येच ठेवण्याच्या पद्धतीवर, चालत असेल, तर कॉन्ट्रिब्युटर ती पॉलिसी बदलून स्वतःला आतील गुपिते वाचण्याचा अधिकार देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला ओनर असण्याची गरज पडत नाही. वैयक्तिक माहिती, वैद्यकीय अहवाल किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांनी हा परिच्छेद आपल्या तंत्रज्ञांना वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता दुसऱ्या टोकाविषयी. अधिकार अनेकांना वाटणे जसे धोक्याचे, तसेच ते एकाच माणसापाशी ठेवणेही. मला माहीत असलेल्या एका संस्थेचे सबस्क्रिप्शन तेथील पहिल्या तंत्रज्ञाने स्वतःच्या खासगी ईमेलवर काढले होते. संस्था लहान होती, त्या वेळी ते सोयीचे वाटले असणार. काही वर्षांनी तो नोकरी सोडून गेला, त्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला, आणि लॉगिनच्या वेळी येणारा दुसरा संकेत ज्या क्रमांकावर जात होता तो क्रमांकच उरला नाही. सर्व्हर चालू होते, बिल दरमहा वळते होत होते, परंतु सर्वोच्च अधिकाराने आत जाणारा एकही माणूस संस्थेत नव्हता. सेवा देणाऱ्या कंपनीला कागदपत्रे पाठवून मालकी सिद्ध करण्यात कितीतरी आठवडे गेले, आणि त्या काळात ज्या कर्मचाऱ्यांनी संस्था सोडली त्यांचेही अधिकार कोणाला काढता आले नाहीत.

म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षाविषयक शिफारशींमध्ये एका सबस्क्रिप्शनला एकापेक्षा अधिक, पण जास्तीत जास्त ३ ओनर असावेत, असे दोन्ही बाजूंनी सांगितलेले आहे. त्याचबरोबर आणीबाणीसाठी दोन खाती वेगळी काढून ठेवावीत, ती कोणाही एका व्यक्तीच्या दूरध्वनीशी बांधलेली नसावीत, त्यांचा रोजच्या कामात वापर करू नये आणि ती वापरली गेल्यास लगेच कळावे अशी व्यवस्था असावी. बिलाचे अधिकार आणखी वेगळे असतात. सबस्क्रिप्शनचा ओनर असलेला माणूस ते खाते ज्याच्या नावे चालते त्याच्यापेक्षा निराळा असू शकतो. संस्थेतील लेखापाल आणि तंत्रज्ञ यांनी एकदा शेजारी बसून ही दोन्ही नावे ताडून पाहिली पाहिजेत.

ॲमेझॉनच्या सेवेत खाते उघडताना जो रूट युजर तयार होतो, त्याच्याबाबतही हेच लागू पडते. त्याचे लॉगिन रोजच्या कामाला वापरू नये आणि त्याच्या नावे ॲक्सेस की (प्रोग्रॅमला आत जाण्यासाठीची गुप्त कळ) काढू नये, असे ती कंपनी स्वतःच सांगते. गूगल क्लाउडही आपल्या ओनर, एडिटर आणि व्ह्यूअर या ढोबळ भूमिका प्रत्यक्ष चालू कामासाठी टाळण्याचा सल्ला देते. तिघांची परिभाषा निराळी असली, तरी सल्ला एकाच दिशेचा आहे.

ॲझ्युअर वापरणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली जुन्या पद्धतीची. पूर्वी अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर, सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेटर आणि को-ॲडमिनिस्ट्रेटर अशी तीन पदे असत, आणि एका सबस्क्रिप्शनला २०० पर्यंत को-ॲडमिनिस्ट्रेटर नेमता येत. ही जुनी व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२४ रोजी बंद करण्यात आली. ज्यांची माहितीपत्रके आणि हस्तांतरणाच्या टिपा अजून त्या शब्दांत आहेत, त्यांनी त्या बदलून घ्याव्यात, कारण नव्याने आलेला माणूस त्या टिपा वाचून नसलेली पदे शोधत बसतो. दुसरी गोष्ट ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटरची. हे पद एंट्रा आयडीचे, म्हणजे ज्या डिरेक्टरीत सर्वांची खाती असतात तिचे आहे, आणि सबस्क्रिप्शनमधील संसाधनांवर त्याला आपोआप अधिकार मिळत नाही. परंतु एक सेटिंग चालू करून तो स्वतःला सर्वांत वरच्या पायरीवर युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर बनवू शकतो, आणि तेथून संस्थेची सगळी सबस्क्रिप्शन त्याच्या हाताखाली येतात. अडलेल्या प्रसंगी ही सोय उपयोगाची आहे, वर सांगितलेल्यासारख्या प्रसंगात तीच वाचवते. काम झाल्यावर ती बंद करायची असते, आणि ती बंद केलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर पाचपेक्षा कमी असावेत, ही मायक्रोसॉफ्टची शिफारस यामुळेच गंभीरपणे घ्यायला हवी.

माणसांखेरीज ॲप्लिकेशनलाही रोल दिले जातात आणि तेथे तर कोणाचे लक्षच नसते. २०१९ मध्ये कॅपिटल वन या बँकेच्या क्लाउडवरील माहिती बाहेर गेली, तेव्हा चुकीच्या रीतीने बसवलेल्या एका फायरवॉलच्या (बाहेरून येणाऱ्या नको त्या विनंत्या अडवणाऱ्या यंत्रणेच्या) आधारे हल्लेखोराला त्या यंत्रणेला दिलेल्या रोलने आत जाण्याची गुप्त माहिती (क्रेडेन्शियल्स) मिळाली होती, आणि तो रोल साठवलेली माहिती वाचू शकत होता. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांना त्याची झळ लागली.

पर्याय नाहीत असे नाही. अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावा, म्हणजे माणूस गटातून काढला की अधिकारही जातो. प्रिव्हिलेज्ड आयडेंटिटी मॅनेजमेंट ही सोय घेतल्यास ओनरचा अधिकार कायमचा न ठेवता, गरज पडेल तेव्हा कारण लिहून, ठरावीक तासांपुरता घेता येतो आणि वेळ संपली की तो आपोआप उतरतो. माझी ती चौदा महिन्यांची चूक या व्यवस्थेत घडूच शकली नसती. तिच्यासाठी वरच्या दर्जाचा परवाना घ्यावा लागतो आणि लहान संस्थांना तो परवडत नाही, ही खरी अडचण आहे. तशा संस्थांनी किमान अधिकार देतानाच तो काढण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकावी आणि ती दोन माणसांना दिसेल असे करावे. अधिकार कोणी दिला आणि कोणी काढला याची नोंद ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये होते, पण ती ९० दिवसच राहते. त्यापुढची हवी असेल तर ती अन्यत्र साठवण्याची व्यवस्था आधीच करावी लागते. घटना घडून गेल्यावर चार महिन्यांनी जागे झाले, तर तो लॉग काही सांगू शकत नाही.

सेवा देणाऱ्या कंपन्यांकडेही माझे एक मागणे आहे. ओनरचा रोल देताना परवानगीच्या पडद्यावर, ‘ही व्यक्ती इतरांनाही असाच अधिकार देऊ शकेल आणि तुमचाही काढू शकेल’ असे वाक्य वापरणाऱ्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत यावे, आणि मुदत न घालता तो रोल द्यायचा असेल तर त्याचे कारण लिहिणे सक्तीचे असावे. मुदतीची सोय महागड्या परवान्यामागे ठेवणे मला अयोग्य वाटते. ज्यांच्याकडे स्वतंत्र सुरक्षा विभाग नाही, त्या लहान संस्थांनाच तिची अधिक गरज आहे.

आणि ज्या वाचकांच्या हाती एखाद्या शाळेची, रुग्णालयाची, सहकारी संस्थेची किंवा कंपनीची जबाबदारी आहे, त्यांना विनंती अशी की, त्यांनी या आठवड्यात आपल्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून सबस्क्रिप्शनमधील ॲक्सेस कंट्रोलचे पान उघडावे आणि ओनर या शीर्षकाखालची नावे स्वतः वाचावीत. प्रत्येक नावापुढे हा माणूस आज कोठे काम करतो, हे विचारावे. काही ठिकाणी नावाऐवजी ‘ओळख सापडली नाही’ अशा अर्थाची नोंद दिसेल. ते खाते पुसले गेले आहे पण त्याला दिलेला रोल काढायचे राहून गेले आहे. तेवढ्या नोंदी तंत्रज्ञाकडून तेव्हाच काढून घ्याव्यात आणि उरलेल्या नावांची यादी दोघांनी सही करून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक क्लाउड व्यवस्थापक